वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली, आता?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून ६१ वर्षांच्या शेतकरी वाचकांचं पत्र आलं आहे. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात २२ वर्षं पहिल्या पहाऱ्याची, म्हणजे पहिल्या पाळीची वीणा त्यांच्याकडे होती. यंदा समितीने ती एका तरुणाला दिली. हे त्यांना कळलं ते बसस्टँडवरच्या फ्लेक्सवरून. त्यावर साऱ्यांचे फोटो, यांचा नाही. तेव्हापासून त्यांनी देवळाची पायरी चढलेली नाही. घरी मुलगा शेतीतलं काही विचारत नाही, यंदा तर कपाशी बंद करून त्याने सोयाबीन आणि तूर लावली. ते लिहितात: "माळ घातली, वाऱ्या झाल्या, ज्ञानेश्वरीची पारायणं झाली, आणि आत पाहतो तर अहंकार तसाच. शरण जायचं म्हणजे नेमकं करायचं काय? गुरू करावा का? हा 'मी' मरणार कधी?" खाली ता.क. आहे: "पुढच्या सप्त्यात जाऊ का नको?"

रामकृष्ण हरी, भाऊ.

तुमच्या पत्रात वीणेवर दीड पान आहे, मुलावर अर्धं, आणि "कधी वाटते आपनच नसलेलं बरं" ही एक ओळ समासात आडवी कोंबलेली आहे. मी त्या ओळीपासून सुरू करते. अहंकार मरावा असं वाटणं वेगळं आणि आपण मरावं असं वाटणं वेगळं. आपल्या भागात तर हे स्पष्ट बोलायलाच हवं, कारण किती घरांनी काय पाहिलंय ते तुम्हाला मी सांगायला नको. खरोखर शरण गेलेला माणूस हलका होतो. त्याला भूक लागते, झोप लागते, नातवंडाला खांद्यावर घ्यावंसं वाटतं. तुमची रात्र उघड्या डोळ्यांनी जात असेल, घास उतरत नसेल, तर ती भक्तीची पायरी नव्हे, ते दुखणं आहे आणि त्याला इलाज आहे. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर. फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातही मनाचे डॉक्टर बसतात. आणि ती ओळ घरात कुणाला तरी तोंडाने बोलून दाखवा, मला लिहून भागायचं नाही. हे आधी करा. बाकीचं उत्तर दोन दिवसांनी वाचलंत तरी चालेल.

आता वीणा. समितीचं चुकलं, यात मला शंका नाही. ज्याने इतकी वर्षं पहिला पहारा दिला त्याच्या ओसरीवर येऊन, चहा घेत, "भाऊ, यंदा पोराले देऊ म्हणतो" एवढं सांगायला अर्धा तास लागतो. तो वाचवून त्यांनी फ्लेक्स छापला. (फ्लेक्स या प्रकरणावर मला एकदा वेगळंच लिहायचं आहे. वाढदिवस, दहावीचा निकाल, श्रद्धांजली आणि अखंड हरिनाम, सारं एकाच दुकानातून, एकाच रंगात छापून येतं. आणि कुणाचा फोटो कुणाच्या वर यावरून होणारी भांडणं आता धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणांना मागे टाकतील.) तुम्ही समितीच्या अध्यक्षांना एकटे भेटा आणि सांगा, "मला वाईट वाटलं." एवढंच. परंपरेचा विषय काढू नका. शरण जाणं म्हणजे अपमान गिळून हसत बसणं नाही. गिळलेला अपमान कुठं जात नाही, तो सुनेवर निघतो, नाहीतर सालदारावर.

परंपरेचा विषय काढू नका म्हटलं, कारण तुम्ही लिहिलंय: "मले मानाचं काई नाई ताई, पण परंपरा तं पाहाले पायजे का नाई?" समजा, समितीने हीच वीणा तुमच्या मुलाच्या गळ्यात घातली असती. परंपरा तेवढीच मोडली असती. हे पत्र तुम्ही लिहिलं असतं का?

रागावू नका, तुम्हाला कैचीत पकडायचं नाही. अहंकाराची रीतच ही. "मला मान द्या" असं तो कधीच म्हणत नाही. तो शिस्तीच्या, न्यायाच्या, अनुभवाच्या आवाजात बोलतो. त्याच्या बोलण्यात थोडं खरंही असतं, म्हणून तो सापडत नाही. मुख्य म्हणजे तो देवळातही तुमच्याबरोबरच येतो, आणि चपला बाहेर काढून येतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही.

त्याला ओळखायचं तर शब्दांवर जाऊ नका, अंगाकडे पाहा. बसस्टँडवर काय झालं ते तुम्हीच लिहिलंय: कानशिलं तापली, हातातली सरकीच्या ढेपेची पिशवी कुठं ठेवली तेही कळलं नाही, मागून कुणीतरी हाक मारली ती ऐकू आली नाही. आता नीट आठवा. कानशिलं आधी तापली. परंपरा, शिस्त, समितीचा मनमानी कारभार हे सगळं नंतर, घराकडे येता येता सुचत गेलं. त्या दोहोंच्या मधे जो जरासा वेळ असतो तिथं तुमची साधना आहे. संतांनी ज्याला साक्षी म्हटलं तो फार उंचावर बसलेला नाही. कान तापलाय हे ज्याच्या लक्षात येतं, तोच तो, आणि तो स्वतः तापलेला नसतो.

याचा सराव करायला जागा शोधावी लागत नाही. कृषी केंद्रवाला तुमच्या आधी दुसऱ्याला बिल करून देतो. ग्रामसभेत तुमचं बोलणं कुणी मधेच तोडतं. नातू आजोबांच्या हाकेला मोबाइलमधून मान वर करत नाही. तिथं काही करायचं नाही. राग दाबायचा नाही, स्वतःला कोसायचंही नाही. मनात फक्त म्हणायचं, "आला." बहुतेक वेळा उशिराच लक्षात येईल, कपबशी आपटून झाल्यावर. तरी चालेल. आज कपबशी आपटल्यावर कळलं, उद्या उचलताना कळेल.

तुम्ही ज्ञानेश्वरी वाचता म्हणून एक आठवण करून देते. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात. अनहंकार त्यांत आहेच, पण तो मोजत गेलं तर अकरावा येतो. पहिलं लक्षण अमानित्व, मानाची हाव नसणं. त्यावर ज्ञानेश्वर माउली किती रमली आहे ते पुन्हा काढून वाचा, या वेळी पारायणाच्या वेगाने नको. हा क्रम मुद्दाम लावला का, ते पंडितांनी सांगावं. तुमच्या-माझ्यासारख्यांना तो सोयीचा आहे एवढं खरं. 'मी'ला मारायला निघालं की हाताला काही लागत नाही, कारण मारायला निघालेलाही तोच असतो, आणि जिंकला तर "पाहा, मी मला जिंकलं" म्हणत तोच परत येतो. मान मात्र बोट ठेवून दाखवता येतो. तो फ्लेक्सवर असतो, पहिल्या पंगतीत असतो, माइकसमोर असतो, गाडीच्या पुढच्या सीटवर असतो. तिथून एकेक सोडत जाता येतं. तेव्हा "हा मरणार कधी" या प्रश्नाच्या नादी तूर्त लागू नका.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले डेबूजी जानोरकर १९०५ मध्ये घर सोडून निघाले आणि पुढे गाडगेबाबा झाले. गावात शिरले की दिवसा खराट्याने गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. कुणाला पाया पडू द्यायचे नाहीत. मी कुणाचा गुरू नाही, माझा कुणी शिष्य नाही, हे सांगून ठेवलेलं. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं त्यांच्यामुळे धर्मशाळा उभ्या राहिल्या, स्वतःचं असं त्यांत काही ठेवलं नाही. लोक त्यांच्या कीर्तनाबद्दल बोलतात, मला दिवसाचा भाग जास्त मोलाचा वाटतो. दिवसभर गावाची नाली उपसून जो उभा राहिला, त्याला रात्री पुढच्या रांगेत कोण बसलंय याचं काय पडलं असेल? तुमचं मात्र भाऊ, इतकी वर्षं कीर्तनाचाच भाग चालू आहे. खराट्याचा राहिला.

त्यासाठी शेगावला जायचं असेल तर जरूर जा. गजानन महाराजांच्या संस्थानात गावोगावचे सेवेकरी पाळीपाळीने येतात, मोबदला घेत नाहीत. घरी ज्याच्या हाताखाली माणसं आहेत तो तिथं फरशी पुसत असतो, चपला सांभाळत असतो. फक्त परत आल्यावर तो फोटो स्टेटसला टाकू नका. आणि जाणं नाही जमलं, तर तुमच्याच गावात संध्याकाळी तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना होत असेल, तिथं जाऊन मागच्या सतरंजीवर बसा. तिथं तुम्हाला काही करायचं नसतं, सगळ्यांबरोबर म्हणायचं आणि उठायचं. ज्याला बरीच वर्षं पुढं उभं राहायची सवय आहे त्याला हे फार जड जातं.

गुरूचं विचारलंत. घाई करू नका. तुमच्यासारखी तळमळ घेऊन फिरणारा माणूस भोंदूंना लांबून ओळखू येतो. जो म्हणतो "तुझा अहंकार माझ्या पायावर ठेव" आणि मग पाद्यपूजेचा आकडा सांगतो, त्याला लांबूनच रामराम.

आता तुमच्या ता.क.चं उत्तर. सप्ताहात जा. पहिला पहारा मागू नका, दिला तरी घेऊ नका. रात्री दोन ते चारचा घ्या.

हा पहारा कुणाला नको असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. यादी खांबाला चिकटवायच्या आधी तेवढा रकाना कोरा राहतो, मग चिठ्ठ्या टाकतात नाहीतर एखाद्या गरीब पोट्ट्याला उभं करतात. दहाला भोंगा बंद झालेला असतो. माघातली थंडी, मंडपाचं कापड दवाने जड झालेलं. चार जण सतरंजीवर गोधडी डोक्यावरून घेऊन घोरतात, त्यांच्या पायाशी एक कुत्रं. समईत तेल घालायचं कामही तुमचंच. वीणा खाली ठेवायची नाही. ऐकायला कुणी नाही, नाव घेणारा चांगला आहे की बेसूर हे ठरवायला कुणी नाही. अशा वेळी ते नाव कुणासाठी चाललंय? पहिला अर्धा तास मन तुम्हाला सांगेल, पाहा, केवढा मोठेपणा, पहिला पहारा सोडून हा घेतला. ते येणारच. त्यालाही म्हणा, "आला." पुढं पोटऱ्या भरून येतात, जांभया येतात, आणि तेही बोलणं थांबतं. मग मधेच काही वेळ नुसतं रामकृष्ण हरी चालू राहतं, घेणारा बाजूला होतो. किती वेळ, ते मोजायला जाऊ नका, मोजलं की घेणारा परत येतो.

चार वाजता पुढचा येईल, डोळे चोळत आणि बहुधा उशिरा. आपल्याकडची पद्धत तुम्हाला मी काय सांगावी: घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणाराही घेणाऱ्याच्या पडतो, मग पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात. समजा, पुढचा म्हणजे तोच, फ्लेक्सवरचा. त्याचं वय आडवं येईल. त्याच्या बापाशी धुऱ्यावरून झालेलं आठवेल. जातही आठवेल, खोटं कशाला बोलायचं. जे आडवं येतं त्याच्यासकट वाका. शरण जायचं म्हणजे नेमकं करायचं काय, असं तुम्ही विचारलंत, तर मला ठाऊक असलेलं उत्तर एवढंच आहे. पांडुरंगाच्या पायावर डोकं ठेवणं त्या मानाने सोपं, तो कधी उलटून बोलत नाही. ज्या रिवाजात वीणा सात दिवस जमिनीला टेकू देत नाहीत, त्याच रिवाजात ती एका गळ्यात दोन तासांच्या वर राहू देत नाहीत. पहिली अट तुम्ही चोख पाळलीत. दुसरीही पाळत होतात, पण वीणा दर वर्षी पहिल्या पहाऱ्याला तुमच्याकडे परत येत होती, म्हणून जाणवली नाही.

वीणेचं तरी एका रात्रीत होईल. वावराचं कठीण आहे.

"सातबारा अजून माह्याच नावावर हाय" असं तुम्ही दोनदा लिहिलंय. असू द्या. पण एक काम करा, त्याच गटाचा हाताने लिहिलेला जुना सातबारा मिळाला तर काढून आणा. त्यावर तुमच्या वडिलांचं नाव कंसात, म्हणजे कमी केलेलं दिसेल, शेजारी फेरफाराचा नंबर, आणि त्याखाली तुमचं. आणखी मागचा कागद मिळाला तर आजोबांचंही तसंच, कंसात. यातल्या प्रत्येकाने त्या वावरात उभं राहून "हे माहं" म्हटलेलं आहे. कागद समोर ठेवा आणि थोडा वेळ नुसता पाहा.

याचा अर्थ उद्या तहसीलला जाऊन वावर मुलाच्या नावावर करून टाका असा बिलकुल घेऊ नका! अहंकार सोडायच्या भरात सह्या करून मोकळे झालेले आणि मग दोन वेळच्या भाकरीसाठी पोरांच्या तोंडाकडे पाहणारे बापही आपल्याकडे आहेत. तुमची आणि वहिनींची म्हातारपणाची सोय आधी. शरण देवाला जायचं, सही मात्र वकिलाला विचारून.

मुलगा म्हणाला, "बाबा, तुमी आता आराम करा." तुम्हाला ऐकू आलं, "बाजूला सरा." कदाचित त्याला तसंच म्हणायचं असेल, मी त्याला ओळखत नाही. पण वेचणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, बोंडात गुलाबी अळी निघते, हे सगळं तुम्हीच पत्रात आधी लिहिलंय आणि मग कपाशी सोडली म्हणून त्याच्यावर चिडलायत. कोरडवाहू माणसाला पावसापुढे हात जोडायला कुणी शिकवावं लागत नाही. पेरून झालं की तो वर पाहतो आणि गप्प बसतो. तेच पोटच्या पोरासमोर जमत नाही, कारण पावसाला आपण वाढवलेलं नसतं.

येत्या हंगामात एक दिवस त्याच्याबरोबर कामाला जा. धुऱ्यावर बसून "आमच्या वेळी" सुरू करायचं नाही. त्याला विचारा, "कोणत्या ओळीपासून धरू?" आणि तो सांगेल तिथून धरा, तुमच्या मते चुकीचं असलं तरी. त्याचं पीक तुमच्यापेक्षा सरस आलं तर गावात कुणीतरी मुद्दाम तुम्हालाच विचारेल, तेव्हा "पोराने केलं" असं सांगायचं, "माह्या हाताखाली शिकला" हे शेपूट न जोडता. आणि गेलं पीक, तर "मी सांगतलं होतं" हे तोंडावर येईल. त्या वेळी उठून बैलांना पाणी दाखवायला जा.

वहिनी तुमच्या पत्रात एकदाच येतात, त्याही तक्रारीत. "घरची म्हणते, तुमी जा ना जी देवळात, घरी बसून आमाले ताप देता." मला विचाराल तर पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य हेच आहे. तुम्ही पहिल्या पहाऱ्याला उभे होतात तेव्हा मंडपामागे धुरात पोळ्या लाटणाऱ्या बायांत त्या होत्याच ना? त्यांचं नाव कोणत्या फ्लेक्सवर होतं? आणि तरी दर वर्षी त्या गेल्या, यंदाही तुम्ही रुसून बसलेले असताना गेल्या असतील. त्यांना एकदा विचारा, तुला कधी वाईट वाटलं का म्हणून. मग मधे न बोलता ऐका. त्या पुष्कळ बोलतील असा माझा अंदाज आहे, कारण आजवर कुणी विचारलेलं नसणार.

राहिलं कपाशी की सोयाबीन. त्यातलं मला कळत नाही. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा, आणि जाताना मुलाला बरोबर न्या. प्रश्न त्यालाच विचारू द्या.